फटफटीचा खडखडाट

नाशिकच्या भांडीबाजारांत तांब्याची कळशी विकत घेणारी गृहिणी पैसे मोजण्यापूर्वी एक लहानशी कृति न चुकतां करते. कळशी काठाला धरून ती जराशी अधांतरी तोलते, तिच्या पोटावर बोटानें टिचकी मारते आणि क्षणभर कान देते. नाद स्वच्छ उमटून रेंगाळत राहिला तर कळशी घ्यावयाची. आवाज बद्द आला तर ती निमूटपणें परत ठेवावयाची. चीर कोठें आहे, डाग कोठें लावला आहे, हें तिच्या डोळ्यांना दिसत नाहीं. पण कानाला कळतें. शेजारीं तांबटाची ठोकाठोक चाललेली असली तरी त्या गदारोळांतून आपल्याला हवा असलेला एवढा एक नाद ती बरोबर निवडून काढते.

वस्तूच्या अंतरंगाची परीक्षा आवाजावरून करण्याची ही विद्या फार जुनी आहे. थळ घाट, म्हणजेच कसारा घाट, चढून आगगाडी १८६५ सालीं इगतपुरीस पोंचली. त्यानंतर कित्येक पिढ्या रेल्वेच्या मोठ्या स्थानकांवर एक मनुष्य लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांच्या चाकांवर ठोके मारीत जात असे. चाक खणखणलें तर तें अभंग. आवाज दबला तर त्याला तडा गेल्याची शंका. वैद्यकांत ही रीति औएनब्रुगर या ऑस्ट्रियन वैद्यानें आणली. त्याचा बाप खाणावळवाला होता. पिंपांत मद्य कोठवर आहे हें पिंपावर ठोके मारून ओळखण्याची युक्ति त्या धंद्यांत सर्वांच्या परिचयाची होती. मुलानें १७६१ सालीं तीच युक्ति रोग्याच्या छातीस लावून दाखविली. पुढें १८१६ सालीं पॅरिस येथें लेनेक यानें स्टेथॉस्कोप काढला. नाशिकच्या एकाद्या गॅरेजांत मिस्त्री लांबलचक डिसमिसचें टोंक चालत्या इंजिनाला टेकवितो आणि मूठ कानाशीं धरतो, तेव्हां तो याच परंपरेंतला वैद्य असतो. त्याचा रोगी म्हणजे मोटार-सायकल, आणि रोग्याच्या मालकाची तक्रार बहुधा एकच असते : ‘इंजिन वाजतें आहे.’

या तक्रारीला शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा बोध थोडा चमत्कारिक आहे. इंजिन वाजतें म्हणजे तें बिघडलें असें नाहीं. आणि तें गप्प झालें म्हणजे सुधारलें असेंही नाहीं.

मोटार-सायकलीला मराठींत ‘फटफटी’ हें नांवच मुळीं आवाजावरून पडलें. परंतु फटफट आणि खडखड या दोन निराळ्या गोष्टी आहेत. फटफट हा इंजिनाचा श्वास. तो धुराच्या नळींतून बाहेर पडतो. खडखडाट हा त्याच्या हाडांचा आवाज. तो आंतून येतो. श्वासाचा आवाज सायलेन्सरनें मवाळ करतां येतो. हाडांच्या आवाजाला मात्र निराळेंच औषध लागतें, आणि तें शोधण्यांत यंत्रज्ञांच्या कित्येक पिढ्या खर्ची पडल्या.

गोटलीब डाइमलर व विल्हेल्म मायबाख यांनीं १८८५ सालीं जर्मनींत लांकडी सांगाड्यावर इंजिन बसवून जें दुचाकी वाहन चालविलें, त्याचें एका नळकांड्याचें इंजिन हवेनेंच थंड होत असे. त्यानंतर सुमारें दहा वर्षांनीं फ्रान्समधील द दियों-बूतों या कंपनीनें हलकें व जलद फिरणारें असेंच एक इंजिन काढलें, आणि त्याच्या नकला देशोदेशीं झाल्या. नळकांड्याभोंवतीं धातूचे पातळ पंखे, त्यांच्यामधून वाहणारा वारा, हीच थंड करण्याची सारी व्यवस्था. मोटारींत नळकांड्याभोंवतीं पाणी खेळतें. तें पाणी उष्णता सारखी वांटून घेतें आणि गोधडींत गुंडाळलेल्या घड्याळाप्रमाणें आंतला आवाजही दाबून टाकतें. फटफटीला ही गोधडी नाहीं. तिचें यंत्र उघडें, आणि पंखे तर घंटेच्या काठासारखे स्वतःच नादणारे. कित्येक गाड्यांत पंख्यांच्या मधून रबराचे ठोकळे बसविलेले असतात ते याच कारणासाठीं.

पण गोधडीचा अभाव हें अर्धेंच कारण झालें. दुसरें कारण असें कीं, फटफटीच्या पोटांत फट ही असावीच लागते. धातु तापला कीं वाढतो, आणि सर्व धातु सारखे वाढत नाहींत. बुलेट या गाडीच्या ३५० घन सेंटिमीटरच्या जुन्या इंजिनांत नळकांड्याचा व्यास ७० मिलिमीटर असे. तेवढ्या व्यासाचा ॲल्युमिनियमचा दट्ट्या, म्हणजे पिस्टन, १०० अंशांनीं तापला तर सुमारें ०.१६ मिलिमीटरनें फुगतो. बिडाचें नळकांडें तितकेंच तापून याच्या निम्म्यानें फुगतें. दोघांमध्यें थंडपणीं जागा ठेवली नाहीं तर गरम झाल्यावर दट्ट्या जागच्या जागीं आवळून बसेल. म्हणून जागा ठेवावी लागते. आणि जेथें जागा आहे तेथें आपटणें आहे, जेथें आपटणें आहे तेथें आवाज आहे. पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनाचें तापमान फारसें वरखालीं होत नाहीं. वाऱ्यावरच्या इंजिनाचें पौषांतल्या नाशकांत एक, वैशाखांतल्या मनमाडच्या रस्त्यावर दुसरें. तेव्हां त्याच्या फटी थोड्या सैलच ठेवणें भाग असतें.

आरंभींच्या गाड्यांत झडपा उघडझाप करणारीं अंगें उघड्यावरच असत. ‘बुलेट’ हें नांव इंग्लंडांतील रॉयल एन्फील्ड कंपनीनें प्रथम १९३२ सालीं वापरलें, तेव्हां त्या गाडीच्याही झडपांवर झांकण नव्हतें. धूळ आणि अपुरें वंगण यांमुळें तीं अंगें झिजत आणि वाजत. पुढें त्यांवर झांकण आलें, आंत तेल खेळूं लागलें, आणि खडखडाटाचा पहिला मोठा वांटा कमी झाला. १९५५ सालीं मद्रास येथें या गाडीचा कारखाना उभा राहिला, आणि ती हिंदुस्थानच्या रस्त्यांवर घरची म्हणून वावरूं लागली. तिची झडपेची फट तपासण्याची रीत मोठी मार्मिक होती. इंजिन पूर्ण थंड असतांना, दोन्ही झडपा मिटलेल्या असतांना, पुशरॉड दोन बोटांच्या चिमटींत धरून फिरवावयाचा; तो सहज फिरावा, परंतु वरखालीं मुळींच हलूं नये. नळकांडें तापून उंच होई, ॲल्युमिनियमचा पुशरॉडही वाढे, आणि हिशेब जवळजवळ जुळून राही. इतर गाड्यांना मोजमापाचें पोलादी पातें लागतें. येथें बोट हेंच पातें.

जाणत्या मिस्त्रीची परीक्षा तीन प्रश्नांनीं चालते : आवाज केव्हां येतो, किती वेळां येतो, आणि कोठून येतो. त्याआधीं तो एक काम करतो. गाडी उभी करून, इंजिन चालूं ठेवून, तो चिखलरोधक, साखळीचें झांकण, नंबराची पाटी, सायलेन्सरची पकड यांवर एकामागून एक हात ठेवतो. निम्मे ‘इंजिनाचे’ आवाज येथेंच थांबतात. दोष एका सैल नटाचा निघतो आणि इंजिन बिचारें निर्दोष सुटतें.

‘केव्हां’ या प्रश्नाचें उत्तर पुष्कळ सांगून जातें. सकाळीं थंड इंजिनांत टपटप वाजून दोनचार मिनिटांत जो आवाज मावळतो, तो बहुधा दट्ट्याचा. तापून फट भरली कीं तो निवतो. मूठ सोडून वेग उतरतांना साखळी खुळखुळल्यासारखा आवाज आला तर कॅमची चेन सैल किंवा तिला ताण देणारा टेन्शनर थकलेला. क्लच दाबतांच आवाज बदलला किंवा नाहींसा झाला तर चौकशी क्लचकडे वळवावी. चढणीवर, भार घेतांना, खोल आवाजांत कोणी आंतून दार ठोठावीत आहे असें वाटलें तर मात्र गाडी तेथेंच थांबवावी. तो खालच्या मोठ्या बेअरिंगचा आवाज असण्याचा संभव असतो, आणि पुढचे चार मैल सबंध इंजिनाच्या किंमतीला पडूं शकतात.

‘किती वेळां’ हा प्रश्न त्याहून सूक्ष्म आहे. चार धांवांच्या इंजिनांत कॅमचा दांडा मुख्य दांड्याच्या निम्म्या गतीनें फिरतो. इंजिन मिनिटाला १२०० फेरे घेत असेल तर एका झडपेचें टॅपेट मिनिटाला ६०० वेळां, म्हणजे सेकंदाला दहा वेळां वाजतें. दट्ट्याचा किंवा बेअरिंगचा ठोका फेऱ्याच्या चालीवर पडतो. हा दुपटीचा फरक तयार कानाला, तबल्याची दुगण ओळखावी तसा, लगेच कळतो. उरला ‘कोठून’ हा प्रश्न. त्याचें उत्तर डिसमिसचें टोंक देतें.

आतां या विद्येंतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. टॅपेटची टिकटिक मालकाला खुपते. तो मिस्त्रीला म्हणतो, ‘एवढी बंद करून द्या.’ बंद करणें अगदीं सोपें आहे. स्क्रू किंचित् आवळला कीं फट नाहींशी होते, आणि इंजिन शिवणाच्या यंत्रासारखें गोड चालूं लागतें. मालक खूष होऊन जातो. पण फट गेली म्हणजे तापल्यावर झडप पुरती मिटत नाहीं. धूर बाहेर सोडणारी झडप लालबुंद होईपर्यंत तापत असते, आणि तिची बहुतेक उष्णता मिटलेल्या अवस्थेंत, ती आपल्या बैठकीला टेकलेली असतांनाच निघून जाते. ती टेकलीच नाहीं तर उष्णता जाईल कोठें? उलट जळते वायु त्या चिरेंतून झोत मारीत निसटूं लागतात, झडपेची कड जळते, इंजिनाचा दम जातो, आणि थोड्याच दिवसांत हेड उतरविण्याची वेळ येते. वाजत असलेलें टॅपेट फार तर कानाला त्रास देतें. आवळून गप्प केलेलें टॅपेट झडप खातें. म्हणून जाणते मिस्त्री मालकाची नाराजी पत्करूनही टॅपेट किंचित् बोलतें ठेवतात.

दोष न काढतां आवाज दाबण्याचा मोह जुना आहे. पूर्वीं जुन्या मोटारी विकणारे लबाड लोक गिअरपेटींत लांकडाचा भुसा भरीत, म्हणजे झिजलेले दांते ग्राहकाच्या घरीं पोंचेपर्यंत गप्प राहात. सांगितल्याहून दाट तेल ओतणें हा त्याचाच सभ्य प्रकार. त्यानें टिकटिक मंदावते, पण थंड इंजिनाच्या टोंकाच्या भागांना तेल उशिरा पोंचतें आणि झीज वाढते.

या मोहाची सर्वांत मोठी शिक्षा मात्र सबंध जगानें भोगली. कसारा घाट चढतांना, वरच्या गिअरमध्यें इंजिन रडकुंडीस आलें म्हणजे पत्र्याच्या डब्यांत खडे खुळखुळावे तसा आवाज येतो. हा कोणत्याही अंगाचा आवाज नव्हे. हा खुद्द जळण्याचा आवाज. ठिणगीनें पेटविलेली ज्वाळा पोंचण्यापूर्वींच उरलेलें मिश्रण दाबानें व उष्णतेनें आपोआप भडकतें, आणि त्याचा तडाखा नळकांड्याच्या भिंतींवर बसतो. जुन्या गाड्यांत हँडलच्या डाव्या बाजूस ठिणगीची वेळ पुढेंमागें करण्याची एक कळ असे. जाणता स्वार चढणीवर ती कळ अंगठ्यानें जरा मागें घेई आणि खुळखुळ थांबे. माथा आला कीं कळ पुन्हां पूर्ववत् करी. आंत सांचलेली काजळी हेंही या आवाजाचें एक कारण. म्हणून काहीं हजार मैलांनीं हेड उतरवून ती खरवडून काढण्याचा परिपाठ होता.

अमेरिकेंत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेंत टॉमस मिजली यानें ९ डिसेंबर १९२१ रोजीं असें शोधून काढलें कीं, शिशाचें एक संयुग पेट्रोलांत अगदीं थोडें मिसळलें तरी हा ठोका नाहींसा होतो. १९२३ पासून तसें पेट्रोल विकलें जाऊं लागलें. पेट्रोलांत मद्यार्क मिसळल्यानेंही ठोका कमी होतो हें त्या वेळींही ठाऊक होतें. परंतु निवड शिशाची झाली. १९२४ सालीं न्यू जर्सींतील कारखान्यांत हें संयुग तयार करतांना पांच कामगार विषबाधेनें दगावले. तरीही इंजिनें गप्प झालीं होतीं, आणि तें शांत चालणें जगाला हवें होतें. त्या शांततेची किंमत रस्त्याकडेच्या मुलांच्या रक्तांत शिशाच्या रूपानें जमा होत गेली. भारतांत १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आलें. जगांतील शेवटचा देश अल्जीरिया, त्यानें २०२१ सालीं शिसें सोडलें. आणि २०२५ सालीं भारतांत पेट्रोलांत २० टक्के इथेनॉल, म्हणजे मद्यार्कच, मिसळण्याचें उद्दिष्ट गांठलें गेलें. शंभर वर्षांपूर्वीं बाजूस सारलेलें औषध उसाच्या मळ्यांतून परत आलें. तें सर्व जुन्या गाड्यांना मानवतें असें नाहीं, त्यांचें रबर व नळ्या तपासाव्या लागतात. पण तें ठोका थांबवितें आणि रक्तांत सांचत नाहीं.

खरे उपाय निराळे होते, आणि ते हळूहळू आले. पहिल्या महायुद्धाच्या काळांत इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेंत उष्णतेंतही बळकट राहणारा ॲल्युमिनियमचा मिश्रधातु तयार झाला. पुढें त्यांत सिलिकन मिसळून कमी फुगणारे दट्टे ओतले जाऊं लागले. दट्ट्याचा आकार किंचित् लंबवर्तुळाकार ठेवून आणि त्याची पिन मध्याच्या जराशी बाजूस घेऊन त्याचें आपटणें सौम्य केलें. १९४८ साल या इतिहासांत लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्या वर्षीं अमेरिकेंतील हार्ली-डेव्हिडसन कंपनीनें आपल्या वाऱ्यावरच्या मोठ्या इंजिनाला तेलाच्या दाबानें फट आपोआप भरून काढणारीं टॅपेटें बसविलीं. आणि त्याच वर्षीं इंग्लंडांत व्हेलोसेट कंपनीनें पाण्यावर थंड होणारी ‘एल. ई.’ नांवाची इतकी मूक गाडी काढली कीं, ती तेथील पोलिसांच्या गस्तीची आवडती झाली. एकानें फटीवर उपाय केला, दुसऱ्यानें गोधडी घातली.

हिंदुस्थानांत ही प्रगति टप्प्याटप्प्यानें पोंचली. १९८५ सालीं आलेल्या हिरो होंडाच्या ‘सी. डी. १००’ गाडीनें वर बसविलेला कॅम आणि त्याची चेन मध्यमवर्गीय घरांच्या दारांत आणून उभी केली. पुशरॉड गेले, टेन्शनर आला. पुण्याच्या बजाज कंपनीनें २००३ सालीं ‘पल्सर’मध्यें दोन ठिणग्यांची रचना केली; ज्वाळेचा प्रवास निम्म्यावर आल्यानें मिश्रणाला आपण होऊन भडकण्यास अवसर कमी उरला. २००९ सालच्या बुलेटच्या ‘क्लासिक’ या अवताराला तेलाच्या दाबाचीं टॅपेटें मिळालीं, आणि पुशरॉड चिमटींत फिरविण्याची कला त्या गाडीपुरती संपली. नाशिकचाही या कामांत हात आहे. सातपूर येथील ‘मायको’, जिचें नांव २००८ पासून बॉश झालें, ती डिझेल इंजिनांत तेल फवारणारे इंजेक्टर व नॉझल तयार करते. डिझेलची प्रसिद्ध कडकड याच जातीची : आंत सांचलेलें तेल एकदम पेटतें म्हणून ती होते. अलीकडचे इंजेक्टर मुख्य फवाऱ्यापूर्वीं एक इवलासा फवारा सोडून आग हळू लावतात, आणि कडकड निवते. येथेंही आवाज झांकलेला नाहीं. त्याचें कारणच लहान केलें आहे.

ज्यांच्या घरीं वाऱ्यावरची गाडी आहे त्यांना यांतून करण्यासारखें पुष्कळ आहे, आणि त्याला खर्च फार थोडा. तेल सांगितलेल्या जातीचें व पुरतें असावें. टॅपेट ठरल्या अंतरावर, थंड इंजिनावर, मापाच्या पात्यानेंच तपासून घ्यावें. पावसाळ्यांत निफाड-दिंडोरीच्या काळ्या मातींतून गाडी आली कीं पंख्यांमधला चिखल धुवून काढावा. तो वाळून बसला म्हणजे वाऱ्याची वाट बंद होते, इंजिन तापतें आणि चढणीवर खडे खुळखुळूं लागतात. चढणीवर वरच्या गिअरचा हट्ट धरूं नये. आणि गाडी नीट असतांनाचा तिचा आवाज एकदां मन लावून ऐकून ठेवावा, कारण निरोगी नाडी ज्यानें पाहिलेली नाहीं त्याला तापाची नाडी ओळखतां येत नाहीं.

आज कित्येक इंजिनांवर ठोका ऐकणारा बोटभर यंत्रकान बसविलेला असतो, आणि तो जुन्या स्वाराच्या अंगठ्याचें काम क्षणार्धांत करतो. विजेच्या गाड्यांत तर झडपही नाहीं आणि दट्ट्याही नाहीं. कदाचित् पुढची पिढी खडखडाट हा शब्द फक्त बैलगाडीच्या संदर्भांत वाचील. तोंवर मात्र मालकानें गॅरेजांत शिरतांच ‘आवाज बंद करा’ असें सांगूं नये. ‘आवाज कशाचा आहे तें पाहा’ असें म्हणावें. भांडीबाजारांतली गृहिणी बद्द वाजणाऱ्या कळशीला चिंच लावून चकचकीत करावयास सांगत नाहीं. ती खालीं ठेवते आणि दुसरी उचलते. कळशी बदलतां येते. इंजिन सहसा बदलतां येत नाहीं, म्हणून त्याचें म्हणणें अधिकच लक्षपूर्वक ऐकावें लागतें.